अल्पमूत्रता

अल्पमूत्रता म्हणजे लघवीचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच कमी होणे. प्रौढ व्यक्तीस २४ तासांत ४०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाल्यास ही अवस्था मानतात. अत्यवस्थ रुग्णात ते तीव्र मूत्रपिंड निकामीपणाचे आरंभीचे लक्षण असू शकते.

निदान

२०१२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार वजनाच्या दर किलोमागे ताशी ०.५ मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग ६ तास झाल्यास मूत्रपिंडास तीव्र इजा झाली असे समजतात. ६० किलो वजनाच्या रुग्णासाठी ही मर्यादा ताशी ३० मिलिलिटर होते. रक्तातील क्रिएटिनिन वाढण्यास अनेक तास लागतात. म्हणून अतिदक्षता विभागात नळी घालून दर तासाची लघवी मोजून नोंदवतात.

कारणे

कारणांचे तीन गट आहेत: मूत्रपिंडास रक्तपुरवठा कमी पडणे (जुलाब, रक्तस्राव, जंतुसंसर्गातून आलेला आघात), मूत्रपिंडाच्या पेशींना प्रत्यक्ष इजा होणे आणि मूत्रमार्गात अडथळा येणे. पहिला गट वेळीच ओळखल्यास बहुधा पूर्ण बरा होतो. विलंब झाल्यास त्याचेच रूपांतर दुसऱ्यात होते.

खानदेशातील संदर्भ

जळगाव, भुसावळ परिसरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अशा उन्हात शेतात राबणाऱ्यांना निर्जलीकरण व उष्माघाताचा धोका असतो. शरीरातील पाणी कमी झालेले असताना घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या इजा वाढवतात. शेतशिवारात आढळणाऱ्या घोणस सापाच्या विषानेही मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यावर प्रतिविष लवकर देणे आवश्यक असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून धुळे किंवा जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत बराच वेळ जाऊ शकतो. त्यामुळे रुग्णास शेवटची लघवी केव्हा, किती व कोणत्या रंगाची झाली, ही नातेवाइकांनी दिलेली माहिती निदानास मोलाची ठरते.

उपचार

मूळ कारण दूर करणे हा मुख्य उपचार होय. पाणी कमी पडले असल्यास शिरेतून सलाईन देतात. मात्र ते अतिरिक्त झाल्यास फुप्फुसांत पाणी साचते. फ्युरोसेमाइडने लघवी वाढते, पण मूत्रपिंड बरे होत नाही. अल्प मात्रेतील डोपामिन मूत्रपिंडाचे रक्षण करत नाही, असे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. पोटॅशियम किंवा रक्तातील आम्लता धोकादायक पातळीस गेल्यास, अथवा औषधांनी न हटणारे पाणी फुप्फुसांत साचल्यास डायलिसिस करावे लागते. ते मूत्रपिंडाचे काम तात्पुरते सांभाळते. अनेक रुग्णांत काही आठवड्यांत लघवी पूर्ववत होते.