लाकडावरची बुरशी ‘नवी प्रजाती’ कधी ठरते?

बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपूरहून लोणार जवळच आहे. या पट्ट्यातल्या जुन्या खोडांवर आणि कुजक्या ओंडक्यांवर पंख्यासारखी टणक बुरशी दिसली, तर बहुतेक जण ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून पुढे जातात. पण तिची नेमकी जात ओळखणं तज्ज्ञांनाही सोपं नसतं.

दिसतं ते फक्त फळ

बुरशीचा खरा जीव लाकडाच्या आत, बारीक तंतूंच्या जाळ्यात असतो. तो लाकूड पचवतो. लाकडाला कठीणपणा देणारं लिग्निन पचलं की लाकूड पांढरट आणि तंतुमय होतं. लिग्निन बहुतांश तसंच राहिलं, तर लाकूड तपकिरी पडून त्याचे चौकोनी तुकडे होतात. बाहेर दिसणारा पंखा हे बीजाणू पसरवणारं फळ. वय, ओल आणि झाड बदललं की एकाच जातीचा पंखाही वेगळा दिसतो. उलट, दोन वेगळ्या जाती हुबेहूब सारख्या दिसू शकतात.

मग ओळख कशी पटते?

झाड कोणतं, जिवंत की वाळलेलं, हे आधी नोंदवतात. मग पंख्याच्या खालची छिद्रं मोजतात, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू आणि तंतू पाहतात. त्यानंतर डीएनएचा ‘आयटीएस’ हा भाग आधीच्या नोंदींशी ताडून बघतात.

फरक पक्का ठरला की नाव आणि वर्णन प्रसिद्ध होतं. मूळ नमुना म्हणजे ‘होलोटाइप’ संग्रहालयात जपावा लागतो. 2013 पासून बुरशीच्या नव्या नावाला नोंदणी क्रमांकही बंधनकारक आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या नमुन्यांसाठी आजरेकर कवक संग्रहालय आहे, तर जिवंत बुरशींसाठी राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह आहे.

नावाने काय फरक पडतो?

‘गॅनोडर्मा’ची पावडर आणि कॉफी सर्रास विकली जाते. चीनमधल्या औषधी ‘लिंगझी’ला अनेक वर्षं ‘गॅनोडर्मा ल्युसिडम’ म्हणत. हे नाव मुळात इंग्लंडमधल्या बुरशीचं. लिंगझी ही वेगळी प्रजाती असल्याचं 2012 मध्ये मांडलं गेलं. म्हणजे जुन्या अभ्यासात नेमकी कोणती बुरशी वापरली होती, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. फणसाच्या झाडावरचा ‘फणसांबा’ आपल्याकडे घरगुती औषधात उगाळून वापरतात. तिथेही नेमकी ओळख तितकीच महत्त्वाची.

जगात बुरशीच्या 22 ते 38 लाख प्रजाती असाव्यात, असा अंदाज 2017 मध्ये मांडला गेला. नावं मिळालीत ती जेमतेम दीड लाखांना.

तुम्हाला दिसली तर?

वरून आणि खालून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, झाडाचं नाव आणि तारीख लिहा. फोटोवरून नवी प्रजाती ठरत नाही, पण कुठे शोधायचं ते कळतं. लोणार विवर अभयारण्य आहे, तिथून काहीही तोडून आणू नका. आणि ओळख पटल्याशिवाय कोणतीही बुरशी खाऊ नका.