न्यू ऑलेसुंड

न्यू ऑलेसुंड : नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील संशोधन-वसाहत व उन्हाळी क्रूझ जहाजांचा थांबा. स्थान स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिमेस, काँग्सफ्योर्डच्या दक्षिण काठी, ७८° ५५' उ. अक्षांशावर. लोकवस्ती हिवाळ्यात सु. ३०–४०; उन्हाळ्यात शंभरावर. वसाहतीची व्यवस्था नॉर्वे सरकारच्या मालकीच्या किंग्ज बे कंपनीकडे.

वसाहतीचा जन्म कोळशामुळे झाला. कंपनी १९१६ मध्ये स्थापन झाली. ५ नोव्हेंबर १९६२ च्या खाणीतील स्फोटात २१ खाणकामगार दगावले. पुढील वर्षी खाण बंद पडली आणि याच प्रकरणावरून नॉर्वेच्या संसदेत पंतप्रधान गेरहार्डसन यांचे सरकार पडले. त्याआधी, ११ मे १९२६ रोजी ध्रुवसंशोधक आमुन्सेन, एल्सवर्थ व नोबिले ‘नॉर्गे’ या हवाई नौकेतून येथून निघाले आणि उत्तर ध्रुवावरून अलास्कात उतरले. दोनच दिवस आधी रिचर्ड बर्ड यांनी येथून विमानाने ध्रुव गाठल्याचा दावा केला होता. त्याबद्दल मतभेद आहेत. हवाई नौका बांधून ठेवण्याचा मनोरा अद्याप उभा आहे.

पर्यटकांचे येणे : धक्क्याला लागण्यापूर्वीच प्रवाशांना फोनचे वायफाय व ब्ल्यूटूथ बंद करावे लागते. वसाहतीभोवती २० किमी. त्रिज्येत २ ते ३२ गिगाहर्ट्झ पट्ट्यात प्रक्षेपणास विनापरवाना मनाई आहे. येथील भूगणितीय वेधशाळेच्या अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या क्वासारांकडून येणारे अतिक्षीण रेडिओ-तरंग टिपतात. दूरदूरच्या वेधशाळांत तेच तरंग पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून पृथ्वीच्या परिवलनातील बदल व भूखंडांचे सरकणे मोजले जाते. खिशातला चालू फोन या मापनात सहज ढवळाढवळ करतो. ४७४ मी. उंचीवरील झेपेलिन वेधशाळेच्या हवेच्या नोंदींतही क्रूझ जहाजांच्या धुराचा अंश आढळला आहे. त्यामुळे पाहुण्यांचे येणे येथे मोजमापाचाही विषय ठरते. रस्ता सोडता येत नाही. वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलांमुळे बंदूकधारी वाटाड्या लागतो; वस्तीत आर्क्टिक सुरय पक्षी घरट्याजवळ येणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारतात. संशोधन-इमारती बाहेरूनच पाहायच्या. प्रेक्षणीय : संग्रहालय, आमुन्सेनचा पुतळा, खाणीचे इंजिन, टपाल कार्यालय, दुकान.

भारत : ‘हिमाद्री’ हे केंद्र १ जुलै २००८ रोजी सुरू झाले. ते गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत चालते. २०१४ मध्ये फ्योर्डच्या पाण्यात ‘इंडआर्क’ ही नांगरलेली वेधयंत्रणा सोडण्यात आली. फ्योर्डमध्ये शिरणारे अटलांटिकचे कोमट पाणी आणि वितळत्या हिमनद्यांचे गोडे पाणी यांची सरमिसळ तापमान व क्षारतेच्या सलग नोंदींतून कळते; जहाजावरून अधूनमधून घेतलेल्या नमुन्यांना हे साधत नाही. आर्क्टिकमधील बदलांचा मॉन्सूनशी असलेला संबंध अभ्यासाधीन आहे. डिसेंबर २०२३ पासून हिमाद्रीत हिवाळी मोहिमाही होतात. चीन, जपान, कोरिया, इटली, ब्रिटन, जर्मनी-फ्रान्स इत्यादींचीही केंद्रे आहेत.

दळणवळण : लाँगइयरब्येनहून लहान विमान किंवा बोट, रस्ता नाही.