इंधनटाकीचे हवाछिद्र : लहान इंजिनांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित अंग

लहान पेट्रोल इंजिनांचा इतिहास सामान्यतः सिलिंडर, कार्बोरेटर व प्रज्वलनव्यवस्था यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. टाकीच्या झाकणावरील बारीक हवाछिद्राची नोंद त्यात क्वचितच आढळते. वस्तुतः इंजिनाचे अखंड चालणे आणि पुढे शहरांच्या हवेचा प्रश्न, हे दोन्ही या छिद्राशी निगडित आहेत.

पंप नसलेल्या इंजिनात पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने कार्बोरेटरमध्ये उतरते. उतरलेल्या पेट्रोलची जागा बाहेरच्या हवेने घेतली नाही, तर टाकीतील दाब घटतो. टाकीतील पेट्रोलची पातळी कार्बोरेटरपेक्षा २० सेंटिमीटर उंच असल्यास त्या स्तंभाचा दाब वातावरणीय दाबाच्या जेमतेम दीड टक्का भरतो. दाबातील तेवढी तूटही प्रवाह थांबविण्यास पुरेशी होय. म्हणूनच छिद्र बुजलेले इंजिन व्यवस्थित सुरू होते, काही वेळ चालते, मग शक्ती गमावून बंद पडते. झाकण सैल करताच पुन्हा चालू लागते. दोष मात्र बहुधा कार्बोरेटरच्या माथी मारला जातो. होड्यांच्या मागे बसविल्या जाणाऱ्या अनेक जुन्या इंजिनांच्या झाकणावर हवेचा स्क्रूच असे. वाहून नेताना तो बंद करावयाचा व चालविण्यापूर्वी उघडावयाचा. उघडण्यास विसरणारा नावाडी पाण्याच्या मध्यभागी अडके.

याच छिद्रातून पेट्रोलची वाफही बाहेर पडते, याकडे प्रदीर्घ काळ कोणाचे लक्ष नव्हते. १९५० च्या दशकारंभी आरी हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा संबंध हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे व सूर्यप्रकाश यांच्याशी जोडला. त्यानंतर कॅलिफोर्नियात १९७० पासून व संपूर्ण अमेरिकेत १९७१ पासून नव्या मोटारींच्या बाष्पोत्सर्जनावर नियंत्रण आले. ही वाफ सक्रिय कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवून इंजिनाकडे परत पाठविण्याची पद्धत रूढ झाली. गवतकापणी यंत्रांसारखी लहान इंजिने मात्र पुढील तीन दशके या कक्षेबाहेरच राहिली. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये व अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये त्यांच्यासाठी नियम केले. भारतात भारत स्टेज-४ मानकांबरोबर, म्हणजे २०१७ च्या सुमारास, दुचाकींवर कॅनिस्टर सर्रास दिसू लागला.

अशा रीतीने उघड्या छिद्राची जागा नळ्या, झडपा व कोळसा यांनी घेतली. वाफ अडली, परंतु हवा आत येण्याचा मार्गही लांबला. नळी दबली किंवा टाकी काठोकाठ भरल्याने कॅनिस्टर पेट्रोलने भिजला, तर इंजिन आजही त्या नावाड्याच्या इंजिनासारखेच अडखळते. कारागीर प्रथम कार्बोरेटरच उघडतो.