एकवीस हा आकडा आला कुठून?

सिंधुदुर्गातल्या बांद्याहून निघून पत्रादेवीचा नाका ओलांडला की दारू पिण्याचं कायदेशीर वय बदलतं. महाराष्ट्रात बियरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात; गोव्यात १८ पुरतात. नाका ओलांडणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा मेंदू मात्र दोन्हीकडे तोच असतो. मग हे आकडे ठरतात कशावरून? 'एकविशीपर्यंत मेंदू कच्चा असतो म्हणून' असं उत्तर हल्ली सर्रास ऐकू येतं. ज्या देशाच्या २१ या मर्यादेची जगभर सर्वाधिक चर्चा होते, त्या अमेरिकेचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

१९३३ मध्ये तिथली दारूबंदी उठली, तेव्हा बहुतेक राज्यांनी २१ ही मर्यादा घातली. त्यामागे वैद्यकीय विचार नव्हता. माणूस सज्ञान होण्याचं ते रूढ वय होतं. पुढे व्हिएतनाम युद्धात अठरा वर्षांची मुलं सक्तीने लष्करात जाऊ लागली. लढायला चालतो तो मत द्यायला का चालत नाही, या प्रश्नातून १९७१ च्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय १८ झालं. त्याच लाटेत १९७० ते १९७५ या काळात २९ राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं.

पण सगळ्यांनी सारखं नाही. त्यामुळे जिथे वय जास्त तिथली मुलं गाडी काढून शेजारच्या राज्यात जायची आणि पिऊन रात्री परत यायची. सीमेवरचे हे रस्ते 'रक्ताच्या सीमा' म्हणून कुप्रसिद्ध झाले. वय उतरवलेल्या राज्यांत तरुणांचे अपघात वाढल्याचं अभ्यासांतून दिसू लागलं.

१९८० मध्ये कॅलिफोर्नियात कॅन्डी लाइटनर या बाईंची १३ वर्षांची मुलगी दारुड्या चालकाच्या गाडीखाली गेली. त्यातून मद्यपी चालकांविरुद्ध मातांची संघटना उभी राहिली. गंमत अशी, की तो चालक चाळिशी ओलांडलेला होता. तरीही या चळवळीच्या मोठ्या मागण्यांपैकी एक पिण्याचं वय वाढवण्याची ठरली. राज्यांच्या अधिकारांचे कैवारी असलेल्या रेगन यांनी जुलै १९८४ मध्ये कायद्यावर सही केली: जे राज्य २१ ची मर्यादा आणणार नाही, त्याच्या महामार्गांच्या केंद्रीय निधीतून १० टक्क्यांपर्यंत कपात. साउथ डकोटा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७ मध्ये हरलं. १९८८ पर्यंत सगळी राज्यं वठणीवर आली. कायद्याचा लगाम होता रस्त्याचा पैसा, आणि कारण होतं रस्त्यावरचे मृत्यू.

मेंदूचं काय? १९७९ मध्ये शिकागोच्या पीटर हटनलॉकर यांनी मृत व्यक्तींच्या मेंदूतल्या चेतापेशींचे सांधे मोजले होते. बालपणी भरमसाट असलेले हे सांधे किशोरवयापर्यंत छाटले जातात, असं त्यांना आढळलं. जिवंत मुलांमध्ये हे बघायला एमआरआय यावं लागलं. १९९९ मध्ये जे गीड आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्याच मुलांचे मेंदू तपासून दाखवलं, की कपाळामागच्या भागातला करडा थर वयात येण्याच्या सुमारास सर्वाधिक जाड होतो आणि मग विरळ होत जातो. आवर घालणारा, परिणामांचा विचार करणारा हा भाग पंचविशीच्या आसपास पक्व होतो. म्हणजे कायद्यानंतर पंधरा वर्षांनी त्याला जीवशास्त्राचा आधार मिळाला, आणि तोही नेमका एकविशीवर बोट ठेवणारा नाही.

किशोरांना दारू पाजून प्रयोग करता येत नाहीत, म्हणून ते उंदरांवर झाले. त्यातून निघालेली गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. वाढत्या वयातल्या उंदरांना प्रौढांपेक्षा गुंगी कमी येते, त्यांचा तोलही कमी जातो; स्मरणाचं काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पसवर मात्र त्याच दारूचा परिणाम जास्त होतो. थांबायला सांगणारी खूण उशिरा येते आणि इजा आधी. माणसांपुरतं बोलायचं, तर अमेरिकेत आठशेहून अधिक मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा चालू आहे. त्यात भरपूर पिऊ लागलेल्यांच्या मेंदूतला करडा थर इतरांपेक्षा वेगाने घटताना दिसला.

आपल्याकडे कॉलेजच्या टोळक्यात 'याला चढतच नाही' हे कौतुकाने म्हटलं जातं. जो पचवतो, त्याच्याकडेच गाडीची किल्ली जाते. त्या मुलाला २१ किंवा २५ हा आकडा सांगून उपयोग नाही. नाक्यापलीकडे तो १८ होतो, हे त्याला ठाऊक असतं. सांगायचं ते इतकंच, की न चढणं हे ताकदीचं लक्षण नाही. त्याच्या वयात शरीराची धोक्याची घंटा उशिरा वाजत असावी, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.