उतारा कुणाच्या शिवेवर?

मावळात भूत घराबाहेर ठेवायचे इलाज सगळ्यांना तोंडपाठ आहेत. दारावर लिंबू, मिरच्या, बिबा. उंबऱ्याला घोड्याचा नाल. घाट चढणाऱ्या गाडीला काळी बाहुली. आणि दुखणं हटेना की अवसेला उतारा. दहीभात, अंडं, नारळ दुखणाइतावरून ओवाळायचं, तिवाट्यावर नाहीतर शिवेवर टाकायचं आणि मागं न बघता घरी यायचं.

टाकणारा मागं बघत नाही, म्हणून त्याला दिसलं नाही ते मी सांगतो. शिवेवर आम्ही होतो.

गावानं आमची वस्ती गावकुसाबाहेर घातली. वेस राखणं, शीव दाखवणं, मेलेलं ढोर ओढणं, मढ्याला सरपण वाहणं हे वतन म्हणून माथी मारलं. घरातली पीडा जिकडं धाडायची, तिकडंच आमची चूल. भुतांनाही जात लावली. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला बामणाचा पोरगा मुंजा झाला, पिंपळावर बसला. ब्राह्मण मेला तर ब्रह्मसमंध. मेल्यावरही जानवं सुटलं नाही!

माझी आजी सांगायची, "उताऱ्यातला नारळ आमी फोडून खायचो. भूत न्हाई लागलं कुणाला. आजून एक नारळ लागला आस्ता."

पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपार ढकलायचा. म्हणजे पीडा पुढच्या गावच्या शिवेत. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनमध्ये जॉन स्नोनं १८५४ साली दाखवून दिलं होतं. इथं मात्र पाणवठ्याची राखण चालली ती आमच्या सावलीपासून. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी महाडला त्याच पाण्याला हात घातला. १९२८ साली त्यांनी महार वतनाचं बिल कौन्सिलात मांडलं. २५ डिसेंबर १९५४ला आपल्या देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. १९५६ला धम्म दिला. १९५८च्या कायद्यानं वतनही गेलं.

उतारा राहिला.

मागल्या पावसाळ्यात माझ्याच घरात नातवाला ताप आला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दारावर लिंबू. अवसेला घरच्यांनी उतारा काढला आणि कातकरवाडीच्या वळणावर टाकला. मी विचारलं, "तिथंच का?" उत्तर आलं, "त्यांना काय व्हतंय!"

मित्रांनो, हे वाक्य आपल्याबद्दल बोललं जायचं. मी बॅटरी घेऊन गेलो, उतारा उचलून परत आणला. नारळ फोडून घरातच वाटला. पोराचं रक्त तपासलं, टायफॉईड निघाला. म्हणजे पुन्हा पाणीच.

२० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला मारझोड करणं गुन्हा ठरला. आपल्या दारातलं लिंबू मात्र कायदा काढणार नाही. ते आपण काढायचं.

येत्या अवसेला आपल्या वस्तीच्या तिवाट्यावर उभे राहा. उतारा कोण टाकतं एवढंच बघू नका. तो कुणाच्या दिशेनं टाकला जातो, ते बघा.

जय भीम.