पाव टनाची जीप

आमच्या नगर जिल्ह्यात 'जीप' हा शब्द कुठल्या एका कंपनीच्या गाडीपुरता कधी राहिलाच नाही. महिंद्राची असो की बजाज टेम्पोची ट्रॅक्स असो, मागे हौदा आणि वर ताडपत्री दिसली की ती जीपगाडी. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण मी ज्या काळाबद्दल लिहितो आहे त्या काळी ते नगर होते, म्हणून तसेच लिहितो.)

पुतण्याने थार घेतल्यापासून आमच्या घरी जीपच्या गुणदोषांवर वाद झडतात. तरुण मंडळी म्हणतात, जीपसारखी दणकट गाडी नाही. जाणती मंडळी म्हणतात, जीपसारखी उलटणारी गाडी नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण दोघांनाही एक गोष्ट ठाऊक नसते, ती म्हणजे ही गाडी मुळात किती ओझ्यासाठी बनली होती. तिथून सुरुवात केली तर बराचसा वाद मिटतो असे मला वाटते.

१९४० साली अमेरिकी सैन्याला घोड्याची आणि मोटारसायकलची जागा घेईल अशी हलकी गाडी हवी होती. त्यांनी १३५ कंपन्यांना विचारले. मुदत इतकी कमी होती की बहुतेकांनी पाठ फिरवली. बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने ४९ दिवसांत नमुना उभा केला. पण इंजिन सरस ठरले विलीज कंपनीचे, चार सिलिंडरांचे, २.२ लिटरचे आणि साठ अश्वशक्तीचे. मोठ्या मागण्या विलीज आणि फोर्ड या दोघींकडे गेल्या आणि युद्ध संपेपर्यंत त्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. सैन्याच्या कागदोपत्री या गाडीचे नाव होते 'पाव टन ट्रक'. पाव टन म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वादोनशे किलो, ज्वारीची दोन-सव्वादोन पोती. हा आकडा लक्षात ठेवा.

ज्या वर्षांत तिकडे या जीपा लाखांनी बनत होत्या, त्याच वर्षांत पंडित नेहरू आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. नगरला लष्करी गाड्यांचे अप्रूप नव्हतेच. इथे १९२४ पासून रणगाडा दलाची शाळा होती आणि १९४८ पासून आर्मर्ड कोर सेंटर आहे.

युद्ध संपल्यावर २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ आणि गुलाम मोहम्मद हे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले, अद्याक्षरे मात्र तीच राहिली. १९४९ मध्ये माझगावला अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागली. योगायोग असा की स्वतंत्र भारतात जो पहिला मोठा खरेदी घोटाळा गाजला, तोही १९४८ च्या लष्करी जीपांचाच!

आता गुण. पहिला गुण सर्वांना माहीत आहे, चारही चाकांना जोर. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दांडे असत. एकाने पुढची चाके जोडायची, दुसऱ्याने 'लो' गिअर टाकायचा. मग गाडी माणसाच्या चालीने, पण न थांबता चढ चढे. अकोले तालुक्यात भंडारदरा, रतनवाडीकडच्या मुरमाच्या आणि दगडाच्या वाटांवर हे फार कामाला येई. दुसरा गुण म्हणजे साधेपणा. बॅटरी बसली तर हँडल मारा, नाहीतर चार जणांनी ढकला. पुढे पेट्रोल महागले तेव्हा जीपमध्ये डिझेल इंजिने आली, तीही ट्रॅक्टरच्या कुळातली. त्यामुळे राहुरी-श्रीरामपूरकडे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मेस्त्रीच जीपचाही वैद्य असे. पत्रा ठोकून सरळ होई, पाटा तुटला तर तालुक्याच्या गावी मिळे.

दोषही याच गुणांच्या पोटातले. चढउतारावर अडकू नये म्हणून ती आखूड, अरुंद आणि जमिनीपासून उंच. म्हणून वळणावर वेग असला की कलंडणार. चटकन उतरता यावे म्हणून दारे नाहीत. सैनिकाला ती सोय होती, पेंगुळलेल्या प्रवाशाला ते मरण. पाटे टणक, त्यामुळे करंजी घाट उतरेपर्यंत कंबर बोलू लागे. जुन्या गाड्यांच्या स्टेअरिंगला इतका खेळ की चालक सरळ रस्त्यावरही चाक हलवत बसलेला दिसे. पहिला गिअर टाकायला डबल क्लच मारावा लागे. आणि नेवासा-शेवगावच्या काळ्या मातीत पाऊस पडला की चारही चाकांचा जोर व्यर्थ! चाकांना चिखलाचे लाडू बसत आणि शेवटी बैलजोडी आणून जीप ओढावी लागे.

इथवर झाले यंत्राचे गुणदोष. खरा इतिहास आहे तो या पाव टनावर आपण काय काय लादले त्याचा.

सर्वांत आधी लादले सरकार. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि विकास गटाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली जीप आली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या झाल्या आणि 'बीडीओची जीप' हा खेड्यातला नेहमीचा शब्द झाला. धूळ उडवत जीप आली म्हणजे सरकार आले. शाळा तपासणीला साहेब जीपने येत. माळावरून धुरळा दिसला की मुले आम्हाला ओरडून सांगत आणि पाच मिनिटांत फळा स्वच्छ, रांगा सरळ! देवीची लस जीपमधून आली, हिवताप निर्मूलनाची फवारणी जीपमधून आली, निवडणुकीचा कर्णा जीपवर बसून आला. आणि १९७६ साली नसबंदीच्या मोहिमेत जीप दिसली की बाप्ये उसाच्या फडात पळत, हेही मी पाहिले आहे. गाडी तीच, पण आत कोण बसले आहे त्यावर गाव पुढे यायचे की पळायचे ते ठरवी.

या सगळ्यात एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. ज्याला रस्ता लागत नाही, त्याला रस्त्याची आठवणही कमी राहते. साहेबांची जीप ओढ्यातून पार होई, त्यामुळे ओढ्यावर मोरी हवी हे त्यांना तितकेसे टोचत नसे. टोचे ते बाळंतिणीला बाजेवर घालून नेणाऱ्यांना. आमच्या भागातले कितीतरी रस्ते झाले ते १९७२ च्या दुष्काळात, खडी फोडणाऱ्या आयाबायांच्या हातांनी. जीप त्या कामांची पाहणी करायला येत असे.

रस्ते थोडेफार झाले आणि जीप सरकारच्या हातून लोकांच्या हाती आली. हा काळ वडापचा. लांब बांध्याच्या कमांडर आणि ट्रॅक्स गाड्यांत मागे समोरासमोर बाकडी. कागदावर जेवढी माणसे तेवढी मागच्या बाकांवरच बसत. पुढे चालकाच्या दोन्ही बाजूंना माणसे, टपावर माणसे, मागच्या पायरीवर लटकलेली माणसे. चालक एका कुल्ल्यावर बसून गाडी हाकी. पण या वडापला नुसती नावे ठेवणे मला जमत नाही. तिने भाजी बाजारात नेली, आजारी माणूस दवाखान्यात नेला आणि वाडीवस्तीवरच्या मुलींना हायस्कूलपर्यंत आणले. सातवीनंतर शाळा सुटली असती अशा कितीजणी त्या जीपमुळे दहावी झाल्या, हे मी हजेरीपटात पाहिले आहे.

त्याच हजेरीपटावर एक नाव मला तांबड्या शाईने खोडावे लागले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नववीतला मुलगा, रोज मागच्या पायरीवर उभा राहून येई, कारण आत बसल्यास पूर्ण भाडे आणि पायरीवर निम्मे. खड्ड्यात गाडी उसळली, हात सुटला. चालकाला लोकांनी मारले. दुसऱ्या दिवशी तीच जीप तेवढ्याच माणसांसह निघाली, कारण सकाळी त्या वाटेने शाळेला येण्याचे दुसरे साधन नव्हते. चार दिवसांनी त्याची धाकटी बहीण त्याच गाडीने शाळेत आली. तिच्या वडिलांनी चालकाकडून एकच कबूल करून घेतले होते, पोरीला आत बसवायचे. निम्म्या भाड्याचा प्रश्न त्यांनी काढला नाही.

म्हणून कुणी जीपला 'उलटणारी' म्हटले की मला आधी विचारावेसे वाटते, किती माणसे होती? ज्वारीच्या सव्वादोन पोत्यांसाठी बेतलेल्या घराण्यातली ही गाडी. तिचा सांगाडा पुढे लांबला, पाटे वाढले, इंजिन बदलले. पण वीस माणसांसाठी ती कधीच नव्हती. तिच्यात दोष आहेत, वर मी ते मोजून सांगितले. पण पायरीवरचे निम्मे भाडे हा दोष कुठल्या कारखान्यात तयार झाला नव्हता. आणि तरुणांनी 'दणकट' म्हटले की वाटते, हा दणकटपणा आपण फार वर्षे फुकट वापरला. रस्ता, पूल, दवाखाना, शाळा या सगळ्यांची उणीव तिच्या पाट्यांवर टाकली.

२०१० साली थार आली, २०२० मध्ये तिचा नवा अवतार आला. दारे आहेत, पट्टे आहेत, पुढच्या दोघांसाठी हवेच्या पिशव्या आहेत. नगर-पुणे रस्त्यावर चकचकीत थारमधून एकटाच जाणारा तरुण दिसतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही. बरेच वाटते. अखेर त्या गाडीत बेतापुरती माणसे बसली आहेत.

नातेवाईक मंडळींपैकी कुणाकडे जुन्या बीडीओच्या जीपपुढे उभे राहून काढलेला शाळेचा फोटो असेल तर जरूर पाठवा. आमच्या गावच्या शाळेत एक होता, तो वाळवीने खाल्ला.