सतरा सप्टेंबरच्या चार कैफियती

शिरड शहापूर हे औंढा नागनाथ आणि वसमत यांच्या दरम्यानचे गाव. बाहेरच्यांना ते मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे ठाऊक असते. 1948 साली ते परभणी जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते; हिंगोली जिल्हा झाला तो 1999 मध्ये. येथील शाळा-महाविद्यालयांत दर 17 सप्टेंबरला झेंडावंदन होते आणि भाषणेही होतात. त्या भाषणांत एक निजाम असतो, एक कासीम रझवी असतो, एक सरदार पटेल असतात. आणि पाच दिवसांत सारे संपते. आम्हीही वर्षानुवर्षे अशीच भाषणे केली आहेत. पण त्या पाच दिवसांच्या शेवटी निजामाच्या भोवती असलेल्या माणसांत जे घडले, त्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने थोडे निराळ्या नजरेने पाहायला हवे, असे आता वाटू लागले आहे. कारण तो संघर्ष पुढे पुस्तकांतून लढला गेला.

सल्लागारांमधील ही ओढाताण लष्करी कारवाईच्या आधीपासूनच चालू होती. ऑक्टोबर 1947 मध्ये भारत सरकारशी 'जैसे थे' करार करावा, असे कार्यकारी मंडळाच्या बहुमताने ठरले. अध्यक्ष नवाब छतारी, घटनातज्ज्ञ सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांचे शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होते. 27 ऑक्टोबरच्या पहाटे इत्तेहादुल मुसलमीनच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा घातला आणि जाणे थांबले. निजामाने आपल्याच सल्लागारांना संरक्षण न देता शिष्टमंडळ बदलले. करार अखेर 29 नोव्हेंबरला झालाच, पण तोवर छतारी गेले होते. त्यांच्या जागी उद्योगपती मीर लायक अली आले. परराष्ट्र व्यवहार पाहणारे मोईन नवाज जंग हे त्यांचेच मेहुणे. आणि या साऱ्यांच्या मागे, कोणतेही सरकारी पद नसलेले, लातूरचे वकील कासीम रझवी. सत्ता कोणाच्या हातात आहे, हे त्या पहाटे रस्त्यावरच ठरले होते.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. सोलापूरकडून येणारी मुख्य तुकडी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली होती. त्याच दिवशी नळदुर्ग पडले. दुसऱ्या दिवशी औरंगाबाद हाती आले. मोईन नवाज जंग त्या वेळी पॅरिसला सुरक्षा समितीपुढे संस्थानची बाजू मांडायला गेले होते. म्हणजे एक सल्लागार जगाला न्याय मागत होता आणि उरलेले शरणागतीचा मसुदा कोणी लिहावा या विचारात होते.

17 सप्टेंबरला लायक अलींच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आता निजामाचा सल्लागार कोण, हा प्रश्न काही तासांत सुटायचा होता. त्याने भारताचे एजंट जनरल कन्हैयालाल मुन्शी यांना बोलावले, आणि कालपर्यंत शत्रुपक्षाचा असलेला माणूस आज राजाच्या कानाशी बसला. संध्याकाळी निजाम नभोवाणीवर बोलला, ते मुन्शींच्या सल्ल्याने. युद्धबंदी, रझाकारांवर बंदी, स्वामी रामानंद तीर्थ यांची सुटका, या गोष्टी त्या भाषणातून जाहीर झाल्या. कारभारासाठी एक तात्पुरती समितीही निजामाने नेमली. दिल्लीने ती मानली नाही. 18 सप्टेंबरला सेनापती अल-इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली आणि चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. मुन्शींचे काम तेथेच आटोपले. विजेत्यांच्या गोटातही, नव्या कारभाराचा सूत्रधार राजदूत असावा की सेनानी, हा प्रश्न अशा रीतीने निकालात निघाला.

23 सप्टेंबरला निजाम पुन्हा नभोवाणीवर आला. एका लहान गटाने हिटलरी मार्गांनी राज्य बळकावले होते आणि आपण असहाय होतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. सुरक्षा समितीपुढील तक्रारही त्याने मागे घेतली. दोन भाषणांत मिळून राजा स्वतःच्याच राज्यातून नामानिराळा झाला. ऑक्टोबर 1947 मध्ये त्या गटापुढे नमते कोणी घेतले होते, याचा उल्लेख करण्याचे त्याला कारण नव्हते.

यानंतर सुरू होते ते आमच्या विषयाचे क्षेत्र. व्ही. पी. मेनन यांचे संस्थानांच्या विलीनीकरणावरील पुस्तक 1956 साली आले, मुन्शींचे त्यानंतर वर्षभराने. नजरकैदेतून मार्च 1950 मध्ये निसटून पाकिस्तानात गेलेल्या लायक अलींनी 1962 साली आपली बाजू मांडली. अल-इद्रूस यांच्या आठवणी तर त्यांच्या पश्चात, 1994 साली छापल्या गेल्या. मेनन यांच्या कथेत सूत्रे दिल्लीच्या हाती आहेत. मुन्शींच्या कथेत मुन्शींच्या. लायक अलींचा रोख सेनापतीच्या तयारीवर आहे, तर सेनापतीचा राज्यकर्त्यांनी वास्तव ओळखले नाही यावर. एकच संध्याकाळ, चार निवेदक, आणि प्रत्येक निवेदक शहाणा.

जुन्या मराठी कागदपत्रांत 'कैफियत' हा प्रकार आपल्याला परिचित आहे. आपला हक्क किंवा आपले निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी दिलेली ती हकिगत असते. तिच्यात खोटेच असते असे नाही. पण ती कोणापुढे आणि कशासाठी दिली, हे विसरून तिला इतिहास समजले की घात होतो. ही चारही पुस्तके आधुनिक कैफियती आहेत. विद्यार्थ्याने त्यांना 'यात खरे कोणते' एवढेच विचारू नये. 'येथे गप्प कोण आहे' हेही विचारावे.

गप्प आहेत ती गावे. रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाड्यातील किती गावे उजाड झाली, हे अनंत भालेरावांसारख्यांनी लिहून ठेवले आहे. कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले, ते पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले: किमान 27 हजार ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा तिचा अंदाज होता आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड होते. तो अहवाल दशकानुदशके प्रसिद्ध झाला नाही. नांदेड आमच्या शेजारचा जिल्हा. हैदराबादेत सल्लागार एकमेकांवर दोष ढकलत होते, तेव्हा त्यांच्या निर्णयांची किंमत दोन्हीकडची साधी माणसे देत होती. वरच्या मंडळींचे पुढे काय झाले? निजाम 1950 मध्ये राजप्रमुख झाला आणि 1956 पर्यंत त्या पदावर राहिला. रझवी 1957 मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेले. किंमत आणि जबाबदारी यांचे गणित इतके विषम असू शकते.

शिरड शहापूरपासून जवळच कुरुंदा आहे. मूळ त्या गावचे नरहर कुरुंदकर 1948 साली सोळा वर्षांचे होते. हैदराबादच्या प्रश्नाकडे भाबडेपणाने पाहू नये, हा आग्रह त्यांनी आपल्या लेखनातून पुढे धरला. त्यांच्याच परिसरात शिकवणाऱ्या आम्हांला तो आग्रह वर्गात नेहमी पाळता आला, असे म्हणवत नाही. मुक्तिदिनाच्या भाषणात दोन्ही बाजूंच्या मृतांचा उल्लेख केला तर मुक्तीचे मोल कमी होईल, अशी एक भीती आमच्याही मनात होती. ती निराधार होती. संस्थान मुक्त व्हायलाच हवे होते. आणि मुक्तीच्या दुसऱ्या दिवशी जे झाले त्याचा हिशेबही मांडायलाच हवा. ही दोन विधाने एकमेकांच्या विरोधात नाहीत.

येत्या 17 सप्टेंबरला विद्यार्थ्यांना भाषण पाठ करायला न लावता या चार कैफियतींतील एकेक पान समोर ठेवावे, आणि पाचवे पान कोरे ठेवावे. घरातल्या, गल्लीतल्या, शेजारच्या मोहल्ल्यातल्या वृद्धांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून जे ऐकले, ते त्या पानावर यावे. ज्यांनी स्वतः पाहिले अशी माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांच्यानंतर आपल्याजवळ राहतील त्या फक्त सल्लागारांच्या आठवणी.